चाळणीबाईंच्या हरवलेल्या सात पेशी

प्रयोगशाळेतल्या जुन्या तंत्रज्ञ बाईंना सगळे चाळणीबाई म्हणत. नाव त्यांनीच ओढवून घेतलेलं. रक्तातून कॅन्सरच्या पेशी वेगळ्या काढणारी चिप, पोस्टाच्या तिकिटाएवढी, पारदर्शक. पाहुण्यांना दाखवताना बाई म्हणायच्या, "ही आमची चाळणी."

"बाई, चाळणी नाही हो!" तरुण साहेब कळवळायचे. "आत केसाएवढ्या वाहिन्या आहेत. रक्त वाहताना मोठ्या पेशी एका कडेला जातात, लहान दुसऱ्या."

"म्हणजे पाखडणं. पण पाखडणीबाई बरं दिसत नाही."

एकदा ओळीनं पाच चिप तुंबल्या. साहेब रचनाच बदलायला निघाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं! रक्त शिळं आहे, गुठळ्या होणारच," बाई म्हणाल्या. "ताजं आणा."

तेवढ्यात बाईंचे यजमान त्यांचा विसरलेला चष्मा घेऊन दारात हजर. शिंपी माणूस. प्रकरण कळताच बाही सरसावून म्हणाले, "घ्या माझं! आमचा जन्म सुईतच गेलाय."

नर्सच्या हातातली सुई दिसली आणि यजमान खुर्चीतून थेट जमिनीवर. पाय उंच धरून, साखरपाणी पाजून त्यांना उठवलं. पण माणूस शब्दाचा पक्का. दुसऱ्या खेपेला डोळे घट्ट मिटून, बायकोचा हात आवळून त्यांनी नळीभर रक्त दिलं.

चाचणीसाठी त्या रक्तात प्रयोगशाळेत वाढवून रंगवलेल्या शंभर कॅन्सरपेशी मोजून सोडल्या. चिप तुंबली नाही. त्र्याण्णव पेशी हाती आल्या. साहेब नाचायचेच बाकी होते.

"सात कुठे गेल्या?" बाईंनी विचारलं.

"अहो, त्र्याण्णव टक्के मिळाल्या!"

"आणि पेशंटच्या रक्तात सातच असल्या तर?"

साहेबांनी चिप बाईंकडे सरकवली. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक भाग तपासला. बाहेर जाणाऱ्या नळीच्या वाकणात पाच सापडल्या. नळी आखूड केली. उरलेल्या दोघींचं खापर यजमानांवर फुटलं: "तुमच्या रक्तालाही वस्तू जागेवर ठेवायची सवय नाही."

पुढच्या आठवड्यात पहिल्या खऱ्या पेशंटचा नमुना आला. नाव नाही, नुसता क्रमांक. बाई दुपारभर डोळा लावून बसल्या. चार पेशी. पुन्हा मोजल्या, चारच.

त्यांनी आकडा लिहिलेली चिठ्ठी साहेबांपुढे ठेवली. थट्टा नाही, टोमणा नाही.

"कुणाचं तरी माणूस आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना आजच कळवा."

साहेबांनी फोन उचलला. पलीकडून आवाज येईपर्यंत बाई तिथंच उभ्या राहिल्या.