भोकं कुणी बुजवली?

मंचरच्या पुढे एका इंजिनिअरिंग कॉलेजात सावळाराम बावीस वर्षं प्रयोगशाळेत कामाला होता. हौदात वाळू भरायची, पाणी सोडायचं, साहेब लोकांनी आकडे टिपले की वाळू उपसून हौद धुवायचा. पण मूळचा तो आहुप्याच्या अलीकडच्या वाडीतला, आणि खरा कारागीर होता तो पडकईचा. पावसाळ्याआधी वाडीतली घरं आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबतात, उतारावर दगडाच्या ताली, म्हणजे बांध, रचून भाताची खाचरं करतात, त्याला पडकई म्हणतात. बापाने त्याला लहानपणीच बजावलं होतं, "तालीनं माती धरायची. पाणी अडवायचं न्हाई, त्याला वाट ठेवायची." सावळारामने रचलेली एकही ताल आजवर ढासळली नव्हती.

श्रावणात कॉलेजात दोन दिवसांची चर्चा भरली. विषय होता त्याच्याच वाडीच्या शाळेमागची, डोंगराची माती धरायला बांधलेली नवी सिमेंटची भिंत. दोन वर्षांत तिला पोट सुटलं होतं. घनपदार्थांचे अभ्यासक एका बाजूला बसले, द्रवांचे दुसऱ्या बाजूला. हे म्हणत भिंत जाडीला कमी पडली, ते म्हणत डोंगरातल्या पाण्याचं गणितच चुकलं. भिंत मात्र दोघांनी फोटोत पाहिलेली.

सावळारामने ती रविवारी हाताने चाचपली होती. पाणी निघायला ठेवलेली सातही भोकं बुजलेली होती. उद्घाटनाला साहेब येणार म्हणून भिंतीला पांढरा रंग दिला, त्यावर गढूळ ओघळ दिसायला नकोत म्हणून कुणा दीडशहाण्याने भोकांत गोणपाट कोंबून वरून सिमेंट फासलं होतं. त्या भिंतीच्या पायथ्याशी चौथीचा वर्ग होता आणि त्या वर्गात त्याची नात अश्विनी बसत होती.

चहाचे कप ठेवता ठेवता तो विभागप्रमुख बाळासाहेब सरांच्या कानाशी वाकला.

"सर, त्या भिंतीची भोकं बुजवल्यात. मी सोता बघितलंय."

"सावळाराम, ही संशोधकांची चर्चा आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा असतो."

त्याने चिठ्ठी लिहिली. नाव, पद, संस्था, सगळे रकाने भरले. खाली लिहिलं : भोकं कुणी बुजवली? सरांनी चिठ्ठी वाचली, पदाच्या रकान्यावर नजर थांबली आणि त्यांनी ती बशीखाली सरकवली. "तांत्रिक नाही," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने बशी उचलताना चिठ्ठी सावळारामच्याच हाती आली, तिच्यावर चहाचा गोल डाग पडलेला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्या हौदातलं पाणी कुठून झिरपतं ते बावीस वर्षं त्यालाच विचारायचे, तेव्हा पद आडवं येत नव्हतं!

जेवणाआधी ठराव झाला : भिंतीवर यंत्रं बसवून मोजमाप घ्यायचं, दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर! बाहेर धो धो पाऊस आणि यांना दिवाळी सुचतेय. सावळारामने किटली तिथेच ठेवली, हजेरीवर सही न करता एसटी स्टँड गाठलं. दिवस मावळायच्या आत तो छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीपाशी उभा होता. बायको चिमाबाई इरलं पांघरून मागोमाग आली.

"नोकरीवर येईल बघा," ती म्हणाली.

"येऊ दे. तू पहार धर."

पहिलं भोक फुटलं तसं गढूळ पाणी त्याच्या छातीवर आदळलं. सातवं फुटेपर्यंत शाळेच्या अंगणात घोटाभर पाणी झालं होतं. मुख्याध्यापक धावत आले, सरकारी मालमत्तेची नासधूस म्हणून ओरडले. सावळारामने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रात्रभर पाणी पांढऱ्या भिंतीवर मनसोक्त ओघळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी चर्चा रंगात आली असताना तो आत शिरला आणि टेबलावर गोणपाटाचे सात बोळे मांडले. पांढऱ्या टेबलक्लॉथवर चिखल पसरला.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"भिंतीच्या भोकांतनं काढलंय. लई पाणी साठलं व्हतं मागं."

एक संशोधक म्हणाला, "म्हणजे पाण्याच्या दाबाबद्दल माझं म्हणणं बरोबर होतं." पलीकडचा उसळला, आणि पुन्हा दोन्ही बाजू जुंपल्या. शाळेत पोरं आहेत का, बरी आहेत का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. सरांनी खुणेने बोळे उचलायला सांगितले.

दुपारी मेमो आला. काल विनापरवानगी काम सोडून जाण्याचं कारण लेखी द्यावं. सावळारामने तो दोनदा वाचला. चिठ्ठी बशीखाली जाते, मेमोचं उत्तर मात्र फाइलला लावावंच लागतं, वर साहेबाची सही घेऊन. एवढं त्याला बावीस वर्षांत कळलं होतं.

त्याने पेन मागून घेतलं आणि ठळक अक्षरात लिहिलं : "माझी नात त्या भिंतीखाली बसते. तुमची बसत असती, तर तुम्ही दिवाळीपर्यंत थांबला असता का?"