आप्पांच्या पासवर राहिलेला आकाशपाळणा

सांगलीत माझं मेडिकल आहे. दिवसभर काउंटरला उभी राहून मी नजर लागलेल्या पोरांना ओआरएस विकते. 'बाहेरचं काहीतरी झालंय' म्हणत कुणी आलं की मी तोंडावर विचारते, बाहेरचं काय खाल्लं होतं? अशी बाई मी. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं खो खो हसायचो. आता तुम्ही हसा, माझी ना नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

माझं माहेर रहिमतपूरजवळच्या एका खेड्यात. आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. धिप्पाड माणूस. जीपमध्ये बसले की जीप एका अंगाला बसायची. गावात त्यांचा दरारा, पण माझ्या लेकीपुढे, सईपुढे, त्यांचं काही चालायचं नाही. ती पहिलीत असताना एका सुट्टीत आम्ही सगळे मेढ्याकडच्या रस्त्याला असलेल्या एका पार्कमध्ये गेलो होतो. नाव मुद्दाम देत नाही, पार्क अजून चालू आहे आणि त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही.

तेव्हा तिथं पुठ्ठ्याचे पास मिळायचे. प्रत्येक राइडचं एक चित्र, राइड झाली की त्या चित्रावर भोक पाडायचे. आप्पा आणि सई जोडीनं सगळीकडे बसले. झुकझुक गाडी, होडी, फिरणाऱ्या कपबश्या. त्या कपात मिशा फेंदारून बसलेले आप्पा म्हणजे... जाऊ दे. शेवटी आकाशपाळण्याच्या रांगेत उभे राहिलो आणि वारं सुटलं. डोंगरातलं वारं, पत्रे उडायला लागले. पाळणा बंद केला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, राहिलेली राइड पुढच्या वेळी घ्या, कधीही या.

सईनं भोकाड पसरलं. आप्पांनी दोन्ही पास आपल्या मिलिटरी कॅन्टीनच्या कार्डाच्या प्लास्टिक पाकिटात घातले आणि म्हणाले, "रडायचं न्हाई. पुढच्या टायमाला आपुन दोघं बसू. तवर कुणासंगं पाळण्यात बसायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," सई म्हणाली.

ते 'पुढच्या टायमाला' काही आलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता सई चौथीत गेली आणि एका सकाळी वहिनी चहा घेऊन गेली तर आप्पा झोपेतच गेलेले होते.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एक खाली येईल तर शपथ! तुम्हाला माहीतच आहे, मग सुरू होतं. दादा हात जोडून म्हणाला, आईला अंतर देणार नाही. काही नाही. आत्या म्हणाली, "आरं, बहिणीचं बोल." दादा म्हणाला, बहिणीचं माहेर तुटू देणार नाही. तरीही नाही. ऊन चढलं. माझ्या डोक्यात कावळ्यांच्या खाण्याच्या वेळा वगैरे चाललेलं, आणि एकीकडे आप्पांची आठवण. तेवढ्यात सई माझा हात सोडून पुढं गेली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"आप्पा, मी पाळण्यात तुमच्याबरोबरच बसणार आहे. दुसऱ्या कुणाबरोबर नाही."

तिचं वाक्य संपायच्या आत कावळा खाली आला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. बायका डोळे पुसायला लागल्या. मी मात्र सईला मागं ओढली. अहो, गेलेल्या माणसाला कुणी असा शब्द देतं का? 'तुमच्याबरोबर' म्हणजे काय? कुठं? आत्यानं तर जाता जाता सईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "पोरी, शबुद दिलाईस. पाळायचा बरं का." मला आत्याचा असा राग आला! मी म्हटलं, कावळ्याला भूक लागली होती, विषय संपला.

विषय संपला असता तर मी इथं लिहीत बसले नसते.

पुढच्या वर्षी औंधच्या यात्रेत सई तिच्या मामेबहिणीबरोबर पाळण्यात बसली. पाळणा सुरूच होईना. इंजिन धडधडतंय, पाळणा जागचा हलत नाही. पाळणेवाल्यानं सगळ्यांना उतरवलं, पुन्हा बसवलं. सई म्हणाली मला नाही बसायचं, ती बाजूला झाली आणि पाळणा सुरू. मी म्हटलं योगायोग. मग सांगलीत मैदानावर आनंदमेळा लागला. तिथं विजेवरचा पाळणा, नवाकोरा. मैत्रिणींबरोबर सई आत बसली... तीच गत. ती उतरली आणि पाळणा फिरला. मैत्रिणी वरून हात हलवत होत्या आणि माझी पोरगी खाली उभी.

तिथून सई बदलली. जत्रा नको, सहल नको. रात्री दचकून उठायची. विचारलं की एकच, "आप्पा थांबलेत गं आई." जेवण कमी झालं, आठवीत तर गालफडं दिसायला लागली. डॉक्टर झाले, सगळ्या तपासण्या झाल्या, समुपदेशन झालं. सगळं नॉर्मल. दुसऱ्यांच्या पोरांना टॉनिक देणारी मी, स्वतःच्या पोरीला काय देऊ ते कळेना. जीव नुसता टांगणीला.

नितीन, माझा नवरा, म्हणाला, "एकदा जाऊन बसवून आणू. तिच्या मनातलं जाईल."

"आणि काही झालं म्हणजे?"

"काय होणारे? तू तर मानत नाहीस ना?"

मानत नव्हते, पण माझी एकुलती एक पोर त्या उंचीवर पाठवायची आणि ती कुणासाठी... छे. आप्पांचा सईवर किती जीव होता हे मला माहीत होतं, आणि खरं सांगू? त्याचीच भीती वाटत होती. इतका जीव असलेलं माणूस पोरीला परत पाठवेल का? हे नितीनला सांगायचीही मला लाज वाटली.

शेवटी गेल्या मे महिन्यात गेलो. दादाकडून ते पाकीट आणलं, दोन्ही पास होते. मुद्दाम मधला वार, भर दुपार निवडली. पार्क पार बदललेलं. मनगटाला पट्टे, मोबाइलवर कोड. काउंटरवरच्या पोरीनं पास उलटेपालटे करून बघितले आणि मॅनेजरला हाक मारली. तो हसला. "मॅडम, हे तर काचेत लावायला पाहिजेत. जा, बसा, एकच तर राइड आहे."

पाळणा मात्र जुनाच होता. नवा रंग मारलेला. लोखंडी डबे, प्रत्येकात समोरासमोर दोन बाकं. गर्दी नव्हतीच, पलीकडच्या डब्यात एक नवीन लग्न झालेलं जोडपं तेवढं. ऑपरेटरनं पास हातात घेतले.

"लय जुनं हाय हे. कोन कोन बसनार?"

"मी आणि ही," मी म्हटलं. मी आधीच ठरवलं होतं, आप्पांच्या पासवर मी बसणार. सईला एकटीला सोडणार नाही. मी तिच्यासमोरच्या बाकावर बसले, ऑपरेटरनं दांडी लावली, बटण दाबलं. मोटरचा घूं घूं आवाज आला. बस्स. पाळणा हलला नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा घूं घूं.

"आई," सई हळूच म्हणाली, "उतर ना. ही तुझी जागा नाही."

भर मे महिन्यात माझ्या अंगावर काटा आला. मी तिचं मनगट धरलं, म्हटलं, चल, दोघी उतरू, घरी जाऊ. तर ती रडायला लागली. "मग मी आयुष्यभर अशीच राहू का? मला हे संपवायचंय आई. प्लीज." तेरा-चौदा वर्षांची पोर, डोळ्याखाली काळं झालेलं... मी उतरले. कशी उतरले मला विचारू नका.

ऑपरेटरनं बटण दाबलं आणि पाळणा लोण्यासारखा सुरू झाला.

आता नीट वाचा. अशा डब्यात एकटं माणूस बसलं की डबा त्याच्या बाजूला कलतो. जत्रेत बसलेल्या कुणालाही हे माहीत असतं. सई उजवीकडच्या बाकावर होती. डबा कलला होता डावीकडे. रिकाम्या बाकाच्या बाजूला, आणि थोडाथोडका नाही. सईचं बाक वर उचललं गेलेलं, ती दांडीला धरून बसलेली.

"ए पोरी, मधी सरक!" ऑपरेटर ओरडला. मग त्यानंच डोळे बारीक करून बघितलं. मी नितीनकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं.

"बेअरिंग गेलं असेल," तो पुटपुटला.

"गप बसा हो तुम्ही!"

डबा चढत चढत अगदी वर गेला. आणि पाळणा थांबला.

"अहो, का बंद केलं?"

"म्या न्हाई बंद केलं!" ऑपरेटर बटणं दाबत सुटला. "लाइट गेली वाटतं." लाइट कुठली जाते? शेजारच्या राइडवरची गाणी ठणाणा चालू होती. वर बघितलं तर ऊन डोळ्यात. डबा तसाच कललेला. सईचं डोकं दिसत होतं, ती पुढं वाकून कुणाशी तरी बोलल्यासारखी. वारा नाही, काही नाही. नितीन मोबाइल वर धरून उभा. जोडप्यातली मुलगी किंचाळायला लागली. ऑपरेटर कुणाला तरी फोन करत पळाला. आणि माझं डोकंच फिरलं. मला एवढंच दिसत होतं की ती वर आहे, ते बाक रिकामं नाही, आणि माझा हात तिथवर पोचत नाही.

मी ओरडले. सगळ्या पार्कला ऐकू जाईल असं ओरडले. "आप्पा! सोडा तिला! माझी पोर आहे ती! जावा तुम्ही, जावा!"

आयुष्यात कधी मी आप्पांना उलटून बोलले नव्हते.

डबा एकदा हलला. नुसता झोका बसल्यासारखा. आणि माझ्या डोळ्यादेखत तो डावीकडून उजवीकडे आला आणि सईच्या बाजूला कलला. एकटं माणूस बसल्यावर कलतो तसा. पाळणा आपोआप सुरू झाला, ऑपरेटर अजून फोनवरच होता. सईचा डबा खाली येऊन थांबला. मी तिला दांडीखालून ओढूनच काढली. हात, पाय, तोंड, सगळं चाचपून बघितलं. ती नीट होती. ती तर हसत होती हो, मीच रडत होते.

ऑपरेटरनं गुपचूप दोन्ही पासवर भोकं पाडून दिली. एकाऐवजी दोन का, असं मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

नितीनच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे. टाकणार नाही, पोरगी दिसते त्यात. माझ्या इंजिनिअर पुतण्याला दाखवला तर तो म्हणाला, काकू, कॅमेऱ्याचा अँगल आहे, आणि मोटर गरम झाली की थांबते. असेल. मला खरंच वाटतं की असावं. बाकीचंही कुणी समजावून देणार असेल तर कमेंटमध्ये लिहा, मी मनापासून वाचेन. कारण मला अजून कळलेलं नाही.

सई आता छान आहे. दोन वेळा दटावून जेवायला घालावं लागत नाही. झोपते. परवा मैत्रिणींबरोबर आनंदमेळ्यात जाऊन पाळण्यात बसून आली, एकदा नाही, तीन फेऱ्या. मला तेवढंच हवं होतं, ते मिळालं. मग तुम्ही म्हणाल, बाई, आता कशाला लिहितेस?

त्या दिवशी परत येताना गाडीत मी तिला विचारलं, वर कोण होतं? ती म्हणाली, "दिसलं कुणीच नाही. पण होते. मी त्यांच्याशी बोलत होते."

"काय बोललीस?"

"म्हटलं, आप्पा, झालं ना बसून? आता मी एकटी बसेन." मग ती माझ्याकडे वळली. "आणि म्हटलं, खाली आई आलीय. तिला भेटून जा. ते यायला निघालेच होते गं. तेवढ्यात तू ओरडलीस."