बायकोच्या नावाने घेतलेली बंदूक

डेल्मर टवेट दुकानात शिरला आणि पहिलंच वाक्य खोटं बोलला.

"बायकोसाठी बघतोय. हलकी हवी, आणि धक्का कमी."

खरं तर आर्डिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, लग्नानंतरच्या त्रेचाळीस वर्षांत बंदुकीला हात लावला नव्हता. बंदुकांचं दुकान त्याच्या गावातही होतं. पण तिथे त्याला सगळे ओळखत, म्हणून तो सत्तर मैल गाडी हाकत अ‍ॅबर्डीनला आला होता.

साउथ डकोटातल्या त्या गावात डेल्मरने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात जन्म घालवला होता. वीस वर्षं दर उन्हाळ्यात तो मुलांना शिकारीचे नियम शिकवायचा. पक्ष्याच्या खाली आभाळ दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे वाक्य गावातल्या दोन पिढ्यांनी त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. त्याचा जावई नेथन मिनिआपोलिसचा, कॉम्प्युटरवर बसून काम करणारा. त्यालाही डेल्मरनेच शिकवलं होतं.

तीन हिवाळ्यांपूर्वी बर्फावरून घसरून डेल्मरच्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जड बंदूक बंद करायला सांगितली. त्याने मान डोलावली आणि पुढच्या मोसमात वडिलांची बारा बोअरची पंप बंदूक घेऊन फेझंटच्या, म्हणजे लांब शेपटीच्या रानकोंबड्यांच्या शिकारीला गेला. प्रत्येक बार टाकताना खांद्यात कळ जायची. मग शरीरच घाबरायला शिकलं. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायचे आणि नळी खाली झुकायची. हे त्याला कळत होतं, पण हलकी बंदूक हातात दिसली तर दोस्त काय म्हणतील, या भीतीने तो गप्प राहिला.

गेल्या ऑक्टोबरात, मोसमाच्या पहिल्याच दिवशी, मक्याच्या कापलेल्या पट्ट्यातून सगळे रांगेने चालले होते. शेजारणीची, लव्हॉन सॅटलरची कुत्री टिली पुढे हुंगत होती. नर फेझंट फडफडत उठला. नेथनने आणि डेल्मरने एकाच क्षणी बार टाकला. पक्षी उडून गेला आणि टिली किंचाळली. छर्रा तिच्या डाव्या डोळ्यात घुसला होता.

सगळ्यांनी नेथनकडे पाहिलं. शहरातला तोच होता ना! त्याने अंगातला शर्ट काढून त्यात कुत्रीला गुंडाळलं आणि म्हणाला, "डेल्मर, मी वर मारली होती असं वाटतंय मला. पण आता काहीच आठवत नाही."

डेल्मरला आठवत होतं. झुकलेली नळी आपली होती. तो म्हणाला, "होतं असं कधीकधी."

टिलीचा डोळा गेला. नेथन त्यानंतर सासुरवाडीला आलाच नाही.

दुकानातल्या विक्रेतीने, रोंडाने, काउंटरवर दोन सेमी-ऑटोमॅटिक बंदुका ठेवल्या. "ही उचलून बघा. पिसासारखी आहे. पण नुसती हलकी घेतली तर उलट जास्त मारते, वजनच धक्का खातं ना! ही दुसरी वीस बोअरची, बारापेक्षा बारीक नळीची. सहा पौंडांच्या थोडी वर. बार उडाला की त्यातला थोडा गॅस आतच वापरून ही पुढचं काडतूस चढवते, म्हणून धक्का पसरून येतो. दस्त्याला मऊ रबर आहे. बाईंची उंची किती?"

"असेल... माझ्या खांद्याएवढी."

"मग दस्ता आखूड करावा लागेल. त्यांनाच घेऊन या."

"ती नाही यायची. मीच चालवून बघतो."

मागच्या मैदानात रोंडाने काडतुसं स्वतः भरली. पहिला बार झाला. खांद्याला नुसता कुणीतरी ढकलल्यासारखं वाटलं. दुसराही तसाच. तिसऱ्यांदा त्याने चाप ओढला, आणि आवाजच झाला नाही. नळी मात्र वीतभर खाली गेली होती.

तिसरं काडतूस पोकळ होतं, आत दारूच नव्हती. मुलांची भीती पकडायला डेल्मर स्वतः वीस वर्षं हीच युक्ती वापरत आला होता. त्याचे कान तापले.

"बाईंचा खांदा दुखत नाहीये," रोंडा हळूच म्हणाली.

डेल्मरने बंदूक तिच्या हातात दिली. मग म्हणाला, "एका कुत्रीचा डोळा घालवलाय मी. आळ जावयावर आलाय."

"कुणाला सांगितलंत?"

"आत्ता तुम्हाला."

"मला सांगून काय उपयोग, बाबा? मी कोण त्यांची?"

त्याने ती वीस बोअरची घेतली. घरी न जाता तो आधी लव्हॉनच्या अंगणात उतरला. टिली शेपूट हलवत आली आणि त्याच्या गुडघ्यावर आपटली. त्या बाजूचं तिला दिसत नव्हतं. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

लव्हॉनच्या हातातली बादली खाली आली. "त्या पोराला मी काय काय बोलले, डेल्मर! आंधळा आहेस का म्हणाले. तू शेजारी उभा होतास की रे! ऐकत होतास!"

"हो."

"जा इथून. आत्ता तुझं तोंड बघवत नाही मला."

घरी आर्डिसने ऐकून घेतलं, फोन त्याच्यासमोर ठेवला आणि दार ओढून बाहेर गेली.

डेल्मरने नेथनला फोनवर सगळं सांगितलं. नेथन म्हणाला, "बंदूक विकली मी. तुमच्या लेकीला म्हणालो, माझ्या हातात काही देऊ नकोस, मी बेफिकीर माणूस आहे. वर्षभर हेच म्हणत आलोय. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मला आत्ता बोलायचं नाहीये," म्हणत नेथनने फोन ठेवला.

यंदाच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी दुपारी शिकारीआधीचं जेवण होतं. सगळं गाव हॉलमध्ये जमलं होतं, डेल्मरने शिकवलेली मुलंही. तो उठला. त्याने नेथनचं नाव घेऊन, तो निर्दोष आहे आणि बार माझा होता, हे सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दिवशी तो शिकारीला गेला नाही. उन्हाळ्याचा वर्गही त्याने सोडला.

तीन आठवड्यांनी लव्हॉन दारात आली. "ती नवी बंदूक आण. काडतुसं मी भरणार, पोकळ कुठलं ते सांगणार नाही. नळी झुकायची थांबेपर्यंत माझ्या कुत्रीच्या आसपास फिरकायचं नाहीस."

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला लेकीबरोबर नेथनही आला. जेवताना तो आर्डिसशी बोलला, डेल्मरशी नाही. डेल्मरने टर्कीचं ताट पुढे केलं, पण नेथनची नजर काही वर झाली नाही. ताट जड होतं, हात लटपटला. नेथनने खालून आधार दिला आणि ताट स्वतःकडे घेतलं.

"खांदा दुखतो का?" त्याने विचारलं.

"दुखतो," डेल्मर म्हणाला.

नेथनने मान हलवली आणि ताट पुढे सरकवलं.