साडूंचे कांदे आणि आमची विहीर

आमच्या साडूंइतक्या आदरानं कांद्याच्या बुडाकडे बघणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि यापुढे होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. एक होता तेवढ्यानंच सासुरवाडीतलं माझं सगळं वजन गेलं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दौंडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि रेल्वे कॉलनीच्या मागं भाड्यानं राहायचे. मी मांडवगणला प्राथमिक शिक्षक, घरची सहा एकर शेती, आणि मुख्य म्हणजे थोरला जावई. रीतीनं पाहिलं तर मान माझा. पण वडगाव रासाईचे आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघंही मामा म्हणायचो, ते मला वीस वर्षं एकच प्रश्न विचारत आले, "गुरुजी, यष्टी येळेवर घावली का?" साडू आले, की हेच मामा चष्मा पुसून उसाच्या बेण्यापासून सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत सगळ्याचा सल्ला घ्यायचे. साडूंना निवडणुकीतलं ओ की ठो कळत नसे. ते गंभीरपणे म्हणत, "मामा, मिश्रण बघावं लागंल." यावर मामा अशी मान डोलवायचे, की मला उठून गोठ्यात जावंसं वाटायचं.

मिश्रण हे साडूंचं दैवत. त्यांचं म्हणणं असं, की पाणी तपासणारे एकेक पदार्थ वेगळा मोजतात. फवारणीचं औषध एवढं, खत एवढं, कारखान्याची मळी एवढी. प्रत्येक जण आपापल्या मर्यादेत, म्हणून पाणी पास. पण पिणाऱ्याच्या पोटात ही मंडळी एकदमच उतरतात, आणि आत गेल्यावर आपसात काय संगनमत करतात ते कुणी विचारत नाही. ते कांद्याला विचारावं. नमुन्याच्या पाण्यानं ग्लास भरायचा, त्यावर कांदा बूड टेकेल असा बसवायचा, दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटली की त्यांची टोकं कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. तिथं पेशी सारख्या दुभंगत असतात. एकीच्या दोन होताना आतली गुणसूत्रं सरळ वाटली जातात, की तुटतात, की मागं रेंगाळतात, हे एकेक पेशी मोजत बसायचं. "कांद्याला झालं म्हणजे माणसाला होईलच असं नाही," ते प्रामाणिकपणे सांगत. "पण कांदा खोकला, तर आपण जरा लांब सरकावं."

हा गृहस्थ लग्नकार्याला आला, की पाणी प्यायच्या आधी बाटलीत भरून घ्यायचा. खांद्याच्या पिशवीत सात रिकाम्या बाटल्या, रबरबँड आणि चिठ्ठ्या कायम. मेव्हण्याच्या साखरपुड्यात मुलीकडच्यांनी मोठ्या आगतस्वागतानं तांब्या पुढं केला, तर हे विचारतात, "विहिरीचं का बोअरचं?" मुलीच्या चुलत्याला वाटलं, जावई सोवळं पाळतात. जेवणावळीतही शास्त्र सुटायचं नाही. "मठ्ठा निर्दोष, जिलबी निर्दोष, भजी निर्दोष," असं म्हणून मामांच्या पोटाकडे बोट दाखवायचे, "तिघं एका खोलीत आले की बघा." आमची मेव्हणी बिचारी माझ्या बायकोपाशी रडगाणं गायची, "आक्का, घरात चाळीस कांदे हायती गं, आन् भाजीला एक न्हाई. हात लावला की वराडत्यात, त्यो भीमेचा हाय, त्यो गटाराचा हाय!" मला वाटायचं, आता तरी बायकोला माझी किंमत कळेल. तर ती म्हणायची, "काही म्हणा, भाऊजी कांद्यासंगं बी किती मायेनं बोलत्यात. आपल्याकडं माणसांसंगं बी कुणी बोलत न्हाई."

एवढं ऐकल्यावर माणसानं काय करावं? मी ठरवलं, या कांद्यांना एकदा उघडं पाडायचं. संधी चालून आली. आमची थोरली पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना. तिला भेटायला म्हणून साडू आले आणि येताना अर्थातच बाटल्या घेऊन आले. विहिरीचा एक नमुना आणि विहिरीपलीकडच्या ओढ्याचा एक, असे दोन त्यांना पाहिजे होते. "तुम्ही कशाला उन्हात जाता, पाहुणे? मी आणतो की," म्हणालो. साडूंना भरून आलं. मी इतकी वर्षं त्यांच्या बाटल्यांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. ओढ्यात नुकतंच कॅनॉलचं पाणी आलेलं, दिसायला दोन्ही सारखीच नितळ. मी बाटल्या भरल्या आणि ओढ्याच्या बाटलीवर 'विहीर' अशी चिठ्ठी लावली, विहिरीच्या बाटलीवर 'ओढा'. आमची विहीर म्हणजे आजोबांच्या हातची, साखरेसारखी गोड. आता यांनी ओढ्याला शाबासकी दिली की मामांसमोरच बोलायचं, असा बेत होता.

आठवड्यानं साडू स्कूटरवरून आले, ते हसतच. "दादा, विहीर चांगली निघाली. पण ओढ्याच्या पाण्यात कुणी पाय पण धुऊ नका. मुळं आखडली, पेशींत नुसती मोडतोड." मला आतून उकळ्या फुटल्या. पकडला! आमच्या गोड विहिरीला वाईट म्हणतो! मी साळसूदपणे विचारलं, "असं कशानं होत असंल?"

"मिश्रण," साडू म्हणाले. "फवाऱ्याचा पंप कुणीतरी तिथंच धूत असणार. युरियाच्या गोण्या खंगाळत असणार. वर कुणीतरी रानात मळीचं पाणी सोडलेलं असणार. एकेकटं चाललं असतं."

पंप मी धूत होतो, विहिरीच्या काठावर, पायरीला टेकवून. गोण्या आमची मंडळी धूत होती, विहिरीलगतच्या हौदात, आणि हौदाचं पाणी मुरून परत विहिरीतच. शेजाऱ्यानं बांधापलीकडं मळी सोडली त्याला वर्ष झालं होतं. ओढ्याच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं, त्याला तर कॅनॉलनं धुऊन काढलेलं. माझ्या उकळ्या जागच्या जागी गार झाल्या. तेवढ्यात ओसरीवरून पोरीचा आवाज आला, "आण्णा, तांब्या भरून द्या की, तहान लागलीया."

"थांब," एवढंच म्हणालो आणि साडूंना दंडाला धरून गोठ्यामागं नेलं.

"पाहुणे, चिठ्ठ्या उलट्या लागल्यात."

"कुणाच्या हातून?"

"माझ्याच."

"चुकून?"

खोटं बोलायला याहून सोयीची जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती. पण पोरगी तहानलेली होती. "न्हाई. तुमची जिरवायची म्हणून."

मला वाटलं, आता भडकतील. भडकायला हवे होते. मग आम्ही दोघं एका पातळीवर आलो असतो. तर या माणसानं माझे दोन्ही हात धरले. "अहो दादा, आंधळी चाचणी केलीत तुम्ही! तपासणाऱ्याला नमुना कुठला ते कळता कामा नये, म्हणून आम्ही मुद्दाम दुसऱ्याकडून चिठ्ठ्या लावून घेतो. मला आजवर तसा माणूसच घावत नव्हता!" आणि मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. "म्हंजी पोरगी हेच पाणी पिती?" ते धावत ओसरीवर गेले आणि भरला रांजण त्यांनी अंगणात पालथा केला. बायको ओरडली, "भाऊजी, अहो यडं लागलं का!" साडू म्हणाले, "आक्का, दादांना शंका आली विहिरीची. बरोबर आली."

दुसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड स्कूटरला दोन कॅन बांधून साडू दौंडहून पाणी आणायला लागले, ते पोरीची सुटका होईपर्यंत. नात झाली, ठणठणीत. मी म्हटलं, "तुमच्या कांद्यांचे उपकार." तर म्हणाले, "एका पोरीवरनं काहीच सिद्ध होत नाही, दादा." उपकारसुद्धा सुखानं फेडू देत नाही हा माणूस.

बारशाला मामा आले. पाळणा झाल्यावर त्यांनी चारचौघांत विचारलं, "विहिरीचं वळखलं कुणी?" मी साडूंकडे पाहिलं, साडू म्हणाले, "दादांनी. मला न सांगता चिठ्ठ्या फिरवून खात्री करून घेतली. मी नुसते कांदे बघितले." यातला शब्द न् शब्द खरा होता. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग खाटेवर जरा सरकले. "या गुरुजी, हितं बसा."

मी बसलो. ज्या नजरेसाठी वीस वर्षं झुरलो ती मिळाली, आणि मिळाली तीही साडूंच्याच हातून. आता मामा नाहीत. साडू निवृत्त होऊन लांब मुलाकडे राहायला गेलेत, आणि गोठ्यामागचं बोलणं त्यांनी मेव्हणीलासुद्धा सांगितलेलं नाही, म्हणून मीच लिहून ठेवतोय. त्या दिवशी मी मामांशेजारी बसलो तेव्हा साडू खाली जमिनीवर, पाळण्याची दोरी हलवत बसले होते. मी त्यांना वर बोलवायला हवं होतं. खाटेवर जागा होती.