अम्मी, कशाबद्दल माफ करू?

जावं की नाही, असा प्रश्न मला पडला तेव्हा बॅगा भरत आल्या होत्या आणि चौकात फलकही लागला होता. फलक पुतण्याने लावला होता. त्याला महापालिकेची निवडणूक लढवायची आहे. त्यामुळे आमच्या उमराहला शुभेच्छा देणाऱ्या त्या फलकावर मी आणि आमचे हे दोन कोपऱ्यांत, पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि मधोमध हसरा पुतण्या. मक्केला नक्की कोण चाललंय, असं एका रिक्षावाल्याने यांना विचारलंसुद्धा. मी पोट धरून हसले. असल्या गोष्टींना हसायची मला सवय आहे. ती माझी ओळखच आहे म्हणा ना. शाळेत मराठी शिकवायचे तेव्हाही शिक्षकांच्या खोलीत माझी वाट बघितली जायची ती माझ्या बोलण्यासाठीच.

दुसरी सवय अब्बांनी लावलेली. अब्बा चादरीच्या कारखान्यात तयार माल तपासायचे. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाली की ते थोडा वेळ गप्प बसत. मी विचारलं तर म्हणत, स्वतःला तपासतोय. आमच्याकडे याला मुहासबा म्हणतात. अल्लाह हिशेब घेणार आहेच, त्याआधी आपला आपण घ्यावा, इतकी साधी गोष्ट. आज काय खोटं बोललो, कुणाची निंदा केली, कुठली नमाज घाईत उरकली. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मीही रोज असरनंतर बसते. या बाबतीत मी चोख आहे, असा माझा समज होता.

उमराहला किंवा हजला निघण्याआधी आमच्यात एक रिवाज पाळतात. ओळखीपाळखीच्या प्रत्येकाकडे जाऊन ‘कहा-सुना माफ’ म्हणायचं. बोलण्या-वागण्यात काही दुखावलं असेल तर माफ करा, अशी विनंती. मी घरोघर गेले. लग्नपत्रिका वाटावी तशी माफी मागत सुटले आणि सगळ्यांनी चहाबरोबर ती दिली. शेजारच्या तेलुगू काकू तर मी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, “माफ, माफ! तुम्ही काय बोलणार हो मॅडम? येताना खजूर तेवढे चांगले आणा.” इतक्या स्वस्तात आत्मा स्वच्छ होतो याचं मला थोडं नवल वाटलं, पण तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाहेरचे सगळे झाले तेव्हा लक्षात आलं, घरात सून राहिली. नसीम पलंगावर माझे कपडे घड्या करून बॅगेत ठेवत होती. आम्ही घरात दखनी बोलतो, इथे मराठीत लिहिते. मी दारातूनच म्हटलं, “नसीम, बेटा, कहा-सुना माफ कर.”

तिने वर बघितलं. “कशाबद्दल, अम्मी?”

“असंच गं. जाताना सगळ्यांना विचारायचं असतं.”

“हो, पण कशाबद्दल माफ करू ते सांगा ना. नुसतं कसं करू?”

आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. माझी ओढणी हातात धरून उत्तराची वाट बघत राहिली. मी म्हणाले, गॅसवर दूध ठेवलंय, आणि तिथून निघाले. गॅसवर दूध नव्हतं.

त्या दिवशी बाल्कनीत बसून मी खूप शोधलं. हिला कधी कामाला जुंपलं नाही. माहेरी जायला अडवलं नाही. दागिने, हुंडा, मूल, यातला एक शब्द माझ्या तोंडून कधी गेला नाही. उलट तिनेच अलीकडे पाहुण्यांत बसणं सोडलंय, दोन शब्द बोलली तर शपथ. आमच्या नात्यातल्या एका निकाहलाही डोकं दुखतंय म्हणून आली नाही. पुढचे काही दिवस माझा मुहासबा रोज माझ्यापासून सुरू व्हायचा आणि नसीमवर संपायचा. हे मलाही कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं. मन कोरडं पडलं. दुआ मागताना जीभ चालायची आणि मन दुसरीकडे. ज्या माणसाबरोबर रोज एका दस्तरखानावर जेवते, त्याची माफी मिळवता येत नाही, आणि मी काबाशरीफसमोर उभी राहून कोणत्या तोंडाने मागणार? यांना म्हटलं, तिकीट रद्द होईल का बघा. ते म्हणाले, “फलक उतरवायला लागेल मग,” आणि पेपर वाचू लागले.

प्रवासाआधी लस घ्यावी लागते. आम्ही ठरल्या दिवशी दवाखान्यात गेलो, तर हे पासपोर्टची प्रत घरी विसरलेले. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. आदल्या दिवशी काम झालं असतं तर ती म्हातारी मला भेटली नसती.

बाकावर शेजारी एक मेंढपाळाच्या घरची म्हातारी बसली होती, कपाळभर कुंकू, बरोबर सून. मोतीबिंदूसाठी आली होती. ती एकाएकी सुनेला म्हणाली, “ए, आयक. परवा पावण्यांम्होरं मी तुला आळशी म्हनले. ते बोलाय नको हुतं.”

“आजच कसं आटवलं?”

“डोळ्यात हत्यार घालनार हायती. मेले-बिले तर?”

“डोळ्याच्या आपरेशननं कोन मरत न्हाय. आन् मला राग न्हाय.”

“हाय की! तवापास्नं चा देताना कप आदळतीस.”

“कपच आदळते न्हवं? तुमच्या डोस्क्यात तर न्हाय घातला!”

दोघी खदखदून हसल्या. मीही हसले. आणि हसता हसताच ‘पावण्यांम्होरं’ हा शब्द माझ्या आत कुठेतरी जाऊन बसला.

नसीम अक्कलकोटकडची. आईशी फोनवर बोलताना ती दखनीतून कानडीत शिरते, कानडीतून परत दखनीत येते, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक लांब हेल काढते. मी त्याची नक्कल फार सुंदर करते. पाहुणे आले की फर्माईश होते. पाहुणे हसतात, मुलगा हसतो, नसीमही हसते. इतकी वर्षं स्वतःला तपासताना मी जिभेचा सगळा हिशेब घेतला, पण विनोदाकडे चूक म्हणून कधी बघितलंच नाही. तो तर माझ्या गुणांत जमा होता. लस टोचलेली मला कळली नाही.

घरी आले तेव्हा नसीम स्वयंपाकघरात आमच्या प्रवासासाठी शेंगाचटणी बरणीत भरत होती. मी तिच्यासमोर बसले. “पाहुण्यांसमोर मी तुझी नक्कल करते. तू आईशी बोलतेस तशी. त्याबद्दल माफ कर.”

तिने बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, “तुम्ही फार हुबेहूब करता अम्मी. मलाही हसू येतं. पण मग आईचा फोन आला की तोंडच उघडत नाही. म्हणून गच्चीवर जाते.”

“मला वाटायचं, वर रेंज चांगली येते.”

“रेंज घरातच चांगली येते.”

मला रडू आलं. ती तेलकट, तिखट हातांनीच माझे डोळे पुसायला पुढे झाली. शेवटच्या क्षणी तिलाच हाताचं भान आलं, म्हणून माझे डोळे वाचले. “हे माफ,” ती म्हणाली. “अगदी मनापासून. बाकीचं परत आल्यावर बघू.”

“बाकीचं? अजून आहे?”

“अम्मी, माझ्या लग्नाला किती वर्षं झाली?”

मी याला चमत्कार म्हणणार नाही. यांचा विसरभोळेपणा जुना आहे. पण आपली नजर जिथे पोचत नाही तिथला उजेड अल्लाह कुणाच्याही हातून पाठवतो, एवढं मी आता मानते. मुहासबा माझा अजून रोज चालतो, मात्र मी चोख आहे हा दावा सोडून दिलाय. मला दिसेल ते मी सांगते, न दिसलेलं त्याच्यावर सोपवते आणि घरातल्यांना विचारते.

मक्केत पोचल्यावर घरी फोन लावला. नसीम घाईत म्हणाली, “अम्मी, जरा थांबा हं, दुसऱ्या फोनवर आई आहे.” मागे कुकरची शिट्टी झाली, आणि त्याहून मोठ्या आवाजात तिचं ते कानडी, दखनी, लांबलचक हेल काढलेलं बोलणं सुरू झालं. मी फोन कानाशी धरून ऐकत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर काबाशरीफ होता आणि ओठांवर अल्लाहच्या शुक्राशिवाय, आभारांशिवाय दुसरं काही येत नव्हतं.