कडकडीत शुक्रवार

आमच्या ह्यांना कावीळ झाली तेव्हा भाजे गावच्या एका आजीने मुळ्यांची माळ गळ्यात घातली. माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली, पिवळे डोळे पुन्हा पांढरे झाले आणि कावीळ गेली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. माणूस मात्र उतरतच गेला. रेल्वेत गँगमन, खंडाळ्याच्या घाटात रूळ उचलणारा गडी; पण सकाळी चहाला बसले की कप बशीवर वाजायचा. दंडाचं मांस गेलं, पोट तेवढं राहिलं.

मी लोणावळ्यात चौथीला शिकवायचे. फळ्यावर यकृत काढून, हे शरीराचं कोठार, असं मुलांकडून घोकून घ्यायचे. आणि घरी काय केलं? कार्ल्याच्या देवीला नवस बोलले: ह्यांना बरं वाटेपर्यंत मंगळवार-शुक्रवार उपवास, फक्त दुधावर. बोलले मी, करायचे ह्यांनी. दुसऱ्या दिवशी उसाचा रस, दोन पेले भरून. ह्यांनी दोन वर्षं हूं की चूं केलं नाही. अशक्तपणा वाढला, मुकादम घरी बसवायची भाषा करू लागला, तशी मी ते दूधही बंद करून उपवास कडकडीत केला. माझ्यासारखी शहाणी मीच!

एका शनिवारी सकाळी हे कामावर चक्कर येऊन पडले. पुण्याला नेलं. पुढच्या शुक्रवारी रक्ताच्या तपासणीचा निकाल घ्यायला दोघं गेलो, तर त्यात ऑस्ट्रेलियाच्या नावाचं काहीतरी निघालं. हे पुण्याच्या पुढे कधी गेले नव्हते. डॉक्टर म्हणाले, ती काविळीच्या विषाणूंची खूण, ते अंगातून गेलेलेच नाहीत, यकृत आतून आवळत चाललंय. जेवणातली साखर त्याला साठवता येत नाही. म्हणून खाल्लं की रक्तात साखर चढते आणि पोट रिकामं राहिलं की पार उतरते. मग शरीर स्वतःचंच मांस जाळतं.

"ह्यांना उपाशी ठेवू नका. झोपण्याआधीसुद्धा खायला द्या," डॉक्टर म्हणाले. मग ह्यांच्या दंडाकडे बघून विचारलं, "उपवास कुणी सांगितले?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "मीच धरलेत. ही नगं म्हनत हुती."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"तू मास्तरीण हायेस," हे म्हणाले आणि स्टेशनकडे चालायला लागले. मला इतकी लाज वाटली की लोणावळा येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसले.

संध्याकाळी ताट वाढलं.

"आज शुक्रवार हाय," हे म्हणाले.

"असू दे. नवस मी बोललेय, देवीचं मी बघून घेईन. जेवा."

हे जेवायला बसले. दोन भाकऱ्या मान वर न करता खाल्ल्या, पिठल्याचं ताट बोटाने पुसलं. मग टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आनी एक घिऊ का?"