वर्षाला बोटभर

माझ्या मावशीने आयुष्यात एकच थाप मारली, पण ती अगदी मन लावून मारली.

ती राहते त्या गावात लोक धोंडे बघायला येतात. तशी जुनी दगडी कमान आहे, पडका बुरूज आहे, कुठल्याशा राजाने घोडा बांधला होता म्हणतात तो खुंटही आहे. त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. धोंडे मात्र घराएवढे, एकावर एक. कोणीतरी पसारा आवरायला काढावा आणि मध्येच कंटाळून निघून जावे, तसे पडलेले. गल्ल्या त्यांना वळसा घालून जातात. पोस्टात एक धोंडा भिंतीतून आत आलाय, त्यावर लोक कोपर टेकून रांगेत उभे राहतात. गाइड मंडळींनी सगळ्यांचे बारसे उरकलेय: हा बेडूक, ही टोपी, हा झोपलेला सासरा. जो कशासारखाच दिसत नाही त्याच्यासमोर ते म्हणतात, "तुम्हीच ओळखा," आणि पर्यटक त्यातही खूश होतात.

मावशीचे घर गावाच्या टोकाला. दोन खोल्या, त्यातल्या मागच्या खोलीची एक भिंत म्हणजे कातळच. कातळाच्या उतारावर, बरोबर घराच्या डोक्यावर, एक धोंडा टेकलाय. आपण शिंकलो तर खाली येईल, असे वाटावे इतपतच टेकलाय. काका होते तोवर त्याची कोणाला दखल नव्हती. काका गेले, मूलबाळ नव्हते, म्हणून मावशीने दारात चहा सुरू केला. पण पर्यटक बेडूक बघत, टोपी बघत आणि टोकाला यायच्या आधीच परत फिरत.

"चहा खपला नाही तर मी पिईन गं," ती मला म्हणाली होती. "पण दिवसभरात एका माणसानं बोलायला येऊ नये?"

मग तिने दाराचा उरलेला निळा रंग काढला. धोंड्याच्या मागे, चढाच्या बाजूला, तिने कातळावर एक रेघ मारली, अगदी धोंड्याला चिकटून. पुढच्या वर्षी त्या रेघेच्या वर बोटभर अंतरावर दुसरी. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर एक नवी रेघ, आधीच्या रेघेच्या वर. आणि सगळ्यांत वरच्या रेघेकडे बोट दाखवून ती पर्यटकांना सांगायची, "मी लग्न होऊन आले तेव्हा धोंडा तिथं होता. वर्षाला बोटभर सरकतो मेला." तिच्या लग्नातला धोंडा असा दरवर्षी आणखी वर चढत गेला, पण लागोपाठ दोन वर्षे येतोय कोण? लोक धोंड्याकडे बघत, मग खाली घराकडे, मग मावशीकडे, आणि चहा घेतल्याशिवाय जात नसत. मावशीची बडबड थांबत नसे. गाव तिला धोंडामावशी म्हणू लागले. गाइडांनी बेडकानंतर थेट तिचे दार धरले.

यंदा मी सुट्टी काढून तिच्याकडे गेले, तर ही कपाळाला हात लावून बसलेली.

"पालिकेचा माणूस येऊन गेला. धोंडा घरावर येणार म्हणतो. उद्या इंजिनिअर येणार मोजायला, आणि मग मला माळावरच्या नव्या चाळीत टाकणार."

"पण तो सरकत नाहीये ना?"

"मला माहितीये. त्यांना कोण सांगणार?"

"तूच सांग की."

मावशीने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिला किटली विकायला सांगितली. घर गेले तर काकांनी बांधलेला ओटा जाणार, दार जाणार, दारात थांबणारी माणसे जाणार. खरे सांगितले तर घर राहील, पण त्या दारात थांबेल कोण? करायला गेली एक आणि झाले भलतेच. उठली, आणि सवयीने यंदाची रेघ मारून आली. हंगाम तोंडावर होता ना. मी हसले, तर म्हणाली, "हात शिवशिवतात गं."

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. चष्मा, फीत, वही आणि मागे गावातले झाडून सगळे गाइड. त्याने खालपासून वरपर्यंत रेघा मोजल्या आणि मान हलवली. "पावसाच्या आत घर रिकामं करावं लागेल, आजी."

मावशीने पदर खोचला. "साहेब, ते सगळं खोटंय. रेघा मीच मारल्यात. गिऱ्हाईक थांबावं म्हणून."

इंजिनिअर हळू आवाजात म्हणाला, "घर सोडवत नाही, समजतं मला."

"अहो, थाप आहे ती."

"थाप कसली?" टोपीच्या धोंड्याजवळ उभा राहणारा म्हातारा गाइड पुढे सरसावला. त्याच्या पोटावर पाय येत होता. "आमचे आजोबा सांगायचे, रात्री करकर आवाज यायचा."

"तुझा आजोबा मी लग्न होऊन यायच्या आधी गेला," मावशी म्हणाली. "त्याला रेघा स्वर्गातून दिसल्या का?"

पण बाकीच्यांनीही आवाज ऐकले होते. एकाला तर धोंडा सरकताना डोळ्यांनी दिसला होता. इतकी वर्षे थाप पचली आणि नेमके खरे बोलायला गेली तर कोणी ऐकेना. मावशीचा चेहरा पडला. मला तिची खरोखर दया आली.

मग तिने काय करावे, तर इंजिनिअरचे मनगट धरून त्याला वर नेले आणि त्याचे बोट सगळ्यांत वरच्या रेघेवर दाबले.

"धोंडा माझ्या लग्नात इथं होता ना? मग रंग अजून ओला कसा?"

इंजिनिअरने निळ्या बोटाकडे पाहिले, मग रेघांकडे. धोंड्याजवळची पार विटलेली, आणि वर जावे तसतशी ताजी. बोट त्याने नकळत पँटला पुसले. मग दुपारभर धोंड्याच्या बुडाशी बसून खरी तपासणी केली आणि जाताना म्हणाला, "हा जागचा हलायचा नाही, आजी. तुम्ही निश्चिंत राहा."

गाइडांनी मावशीशी बोलणे टाकले. पण टोपीवाल्याचे डोके सुपीक. चारच दिवसांत तो पर्यटकांना सांगू लागला, की धोंडा सरकतोच, पण वरून दाबलेय, म्हातारीला बोलायची बंदी आहे. गर्दी दुप्पट झाली. मावशी येईल त्याला शपथेवर खरे सांगते. लोक एकमेकांना डोळा मारतात आणि आणखी एक चहा मागतात.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिची खाट मागच्या खोलीत न्यायला काढली. कातळाची भिंत, उन्हाळ्यात गारवा. गेली काही वर्षे ही मात्र पुढच्या खोलीत, दाराला खाट लावून झोपते. वाऱ्यासाठी, असे सांगते.

"राहू दे गं," ती म्हणाली.

"अगं, साहेब म्हणाला ना, हलायचा नाही म्हणून?"

"म्हणाला."

"आणि रेघा तूच मारल्यास ना?"

"मीच मारल्या." तिने खाटेचा पाय धरून ती पुन्हा दाराशी ओढली. "पण इतकी वर्षं रोज सांगतेय. कोणी नाही तरी मी ऐकलंच ना ते?"